झाकण कोण उघडणार?

मागच्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या गटांची बैठक झाली. पुढच्या शिबिरात काय काय घ्यायचं याची यादी चालली होती. कायदा, आरोग्य, वारसाहक्क, सातबारा अशी सत्रं ठरत गेली. मी म्हटलं, एक अर्धा दिवस संगणक जोडायला ठेवू या. शिकायला नाही, चालवायला नाही, जोडायला. सुटे भाग आणायचे आणि बायकांनी आपल्या हातांनी बसवायचे. प्रोसेसरवर पेस्ट लावण्यापासून त्यावरचा पंखा बसवण्यापर्यंत सगळं. क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकजण हसली. आणि माझी इतक्या वर्षांची सहकारी, जिच्याबरोबर मी मोर्चे काढले, पोलीस ठाण्याच्या पायरीवर रात्री काढल्या, ती म्हणाली, "अगं, हे पोरांचं काम. एखाद्या पोराला बोलावून घेऊ. आपल्यापुढे प्रश्न काय कमी आहेत?"

वेळ संपत आली होती म्हणून मी तिथे गप्प बसले. उत्तर इथे देते आहे. माझं म्हणणं असं, की हे पोरांचं काम नाही आणि हा लहान प्रश्नही नाही. ज्या यंत्राचं झाकण आपण उघडू शकत नाही ते आपलं नसतं, मग त्याची पावती कोणाच्याही नावावर असो. आणि त्या यंत्रात दुसऱ्या बायकांची आयुष्यं ठेवायचा तर आपल्याला काहीच अधिकार नाही.

आधी घडलं ते सांगते.

आमचं सल्ला केंद्र हिंगणघाट तालुक्यात आहे. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, मागच्या बाजूला जिनिंग. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू दारा-खिडक्यांतून आत येतात आणि डाळीच्या डब्यापासून देवाच्या फोटोपर्यंत सगळ्यावर बसतात. केंद्रात एक जुना संगणक होता, कोणीतरी देणगी म्हणून दिलेला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला. तेव्हापासून आमच्याकडे कागद वाढत गेले, आणि पुढे हळूहळू ते सगळे त्या संगणकात गेले. अर्ज, जबाब, अंगावरच्या वळांचे फोटो, धमक्यांचं फोनवरचं रेकॉर्डिंग, कोणती बाई सध्या कोणत्या गावी कोणाकडे आहे याची नोंद.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात हा संगणक दुपारी आपोआप बंद पडायला लागला. वर्ध्याचा मे ठाऊक असलेल्यांना दुपार म्हणजे काय ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, टिन तापलेलं. सकाळी सुरू व्हायचा, दोनच्या सुमारास मान टाकायचा. आम्ही तो ऑटोत घालून दुकानात नेला. नऊ दिवस तो तिथे होता. दहाव्या दिवशी उत्तर आलं, "बाई, मदरबोर्ड गेला तुमचा. थे काही दुरुस्त होत नाही. चौदा हजार लागन." चौदा हजार आमच्याकडे नव्हते. डबा परत आणला.

त्यानंतर आठवड्याभरात एका बाईचा दीर केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ती कोणत्या गावात आहे हे त्याला माहीत होतं. तिने आपल्या अर्जात त्याच्याबद्दल काय लिहून दिलंय हेही त्याला माहीत होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. त्याच रात्री आम्ही तिला तिच्या दोन मुलांसकट जिल्ह्याबाहेर हलवलं. तिची शाळेजवळची खोली गेली, हातचं काम गेलं, मुलांचं वर्ष गेलं.

त्याला हे कुठून कळलं याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुरावा नसताना मी कोणावर बोट ठेवणार नाही. नातेवाइकांकडून गेलं असेल, शेजाऱ्यांकडून गेलं असेल. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती दुसऱ्याच कारणाने. आमच्या केंद्रात एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली कोणाकोणाकडे असावी यावर आम्ही दोन बैठका घालवल्या होत्या. शेवटी ठरलं, दोघींकडेच. आणि तेच कपाट, त्यातल्या सगळ्या बायकांसकट, मी स्वतः ऑटोत घालून बाजारात नेलं, एका अनोळखी माणसाच्या टेबलावर ठेवलं आणि वर म्हटलं, "भाऊ, जरा लवकर पाह्यजा." पासवर्डसुद्धा मीच चिठ्ठीवर लिहून दिला. मागितला म्हणून दिला. का हवा, असं विचारलं नाही. विचारायला मला आधी कळायला हवं होतं की मदरबोर्ड तपासायला आमच्या फाइली लागत नाहीत.

हा माझा गुन्हा आहे आणि तो मी इथे कबूल करते. पण तो माझ्या एकटीचा नाही. आपल्यातल्या किती संघटनांचे संगणक असेच बाजारात जाऊन आलेत, प्रत्येकीने मोजून पाहावं.

संगणक परत आल्यावर तो तसाच कोपऱ्यात पडून होता. आमच्याकडे येणारी एक शेतकरी बाई आहे. नवऱ्याने कर्जापायी जीव दिला, तेव्हापासून पाच एकर कोरडवाहू एकटीने ओढते आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत वर्धा होता. अशा बाया आमच्याकडे कमी नाहीत. ती त्या डब्याकडे बघून म्हणाली, "खोलून पाहा ना मंग." मी म्हटलं, बिघडेल. ती म्हणाली, "बिघडलेलंच तर हाय. माह्या वावरातल्या मोटरचं स्टार्टर कोन खोलते? मीच ना. याले काय भेव?"

तिच्याकडे पेचकस होता. वायर काढली, बाजूचे दोन स्क्रू काढले, झाकण सरकवलं. आत काय होतं? रुई. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. त्यांच्या फटींतून वारा जायचा असतो. त्या फटी रुईने आणि धुळीने गच्च भरून त्याची नमद्यासारखी घडी बसली होती. "उशी भरते याच्यात," ती म्हणाली. पंखा उचलला तर खाली पेस्टची राखाडी पापडी, वाळून भेगाळलेली, पोपडे निघत असलेली. नऊ दिवसांत ते झाकण कोणी उघडलं होतं की नाही, कोण जाणे. उघडलं असेल तर एवढं दिसायला इंजिनिअर लागत नाही.

रुई ब्रशने काढली. जुनी पेस्ट औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नव्या पेस्टची चार ग्रॅमची नळी तीनशे रुपयांना मिळाली. भर दुपारी संगणक लावून सगळ्याजणी त्याच्यासमोर बसून राहिलो. दोन वाजले, तीन वाजले, पाच वाजले. तो बंद पडला नाही. चौदा हजारांचा मदरबोर्ड तीनशे रुपयांच्या नळीने जिवंत झाला. आम्हाला फसवत होते की त्यांनाच कळलं नव्हतं, मला माहीत नाही. दोन्ही बाबतींत पैसे आमचेच जाणार होते.

आता ही पेस्ट म्हणजे काय ते सांगते, कारण "तुमाले नाही समजणार थे" या वाक्याला उत्तर म्हणजे समजून घेणंच. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, तळहाताच्या मधल्या खळग्यात मावेल एवढा. काम करताना तो तापतो. साध्या प्रोसेसरचीही साठ-पासष्ट वॅटची उष्णता असते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी, आणि ती दोन-तीन बोटांच्या जागेत. ती बाहेर काढायला त्याच्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात, त्याला कूलर म्हणतात. प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसतात. पण भिंगाखाली ते टाकी लावलेल्या पाट्यासारखे खडबडीत असतात. एकमेकांवर ठेवले की मधल्या खड्ड्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. पेस्ट ती हवा हाकलून तिची जागा घेते. ती हवेपेक्षा शंभर पटींहून चांगली उष्णता वाहते, पण तांब्या-ॲल्युमिनियमपेक्षा पुष्कळच कमी. म्हणून ती लागते तेवढीच घालायची. कमी पडली तर हवा राहते. जास्त झाली तर जाड थर होऊन तीच आडवी येते.

भिंतीला लिंपण करणाऱ्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही. भेगा बुजवायच्या, भिंत जाड करायची नाही. हे ज्ञान आपल्याकडे आहेच. फक्त त्याला ज्ञान म्हणायची सवय नाही.

पुढच्या वर्षी वर्गणी काढून नवा संगणक घ्यायचं ठरलं, तेव्हा तो तयार घ्यायचा नाही, स्वतः जोडायचा, हा ठराव आम्ही वहीत लिहून सह्या केल्या. तिघीजणी नागपूरला सीताबर्डीवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने यादी पाहिली आणि विचारलं, "फिटिंग कोण करणार?" आम्ही म्हटलं, आम्हीच. त्याने आमच्या पाठीमागे पाहिलं, कोणी पुरुष उभा आहे का म्हणून. मग म्हणाला, "भाऊले पाठवा घरून, समजावून देतो." मी म्हटलं, आम्हाला समजावा, आम्ही भाऊला समजावू. त्यावर तो हसला आणि खरंच चांगलं समजावलं. हेही सांगायला हवं.

जोडायला बसलो तेव्हा पहिला वाद संगणकावरून झालाच नाही, मंगळसूत्रावरून झाला. माहितीपत्रकात होतं की अंगावरचे लोंबते धातूचे दागिने काढून ठेवा. आमच्या नव्या बोर्डावर प्रोसेसर बसायच्या जागी सतराशे बारीक टोकं आहेत, केसासारखी. त्यांच्यावर एखादा मणी जरी घासला तरी ती वाकतात आणि बोर्ड खरोखरच जातो. एक म्हणाली, काढते. दुसरी म्हणाली, मी नाही काढणार, पोलक्यात खोचते. तिसरी म्हणाली, तुमचं बरं, मला दोन्हीचा प्रश्नच नाही. तिला नवऱ्याने टाकलंय. सगळ्या हसलो आणि पुढे गेलो. कोणी काढलं, कोणी खोचलं, काम दोघींनीही केलं. पण नंतर माझ्या मनात आलं, गिरणीत, शेतात, कारखान्यात यंत्राजवळ जाताना बाईच्या अंगावरचा पदर, केस, दागिने धोक्याचे म्हणून सांगतात, आणि त्याच दमात तेच अंगावर नसेल तर नाव ठेवतात. म्हणजे यंत्राजवळ जाऊच नको, असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरी सूचना होती स्थिर विजेची. पॉलिस्टरचे कपडे नकोत, कोरड्या हवेत त्यांच्यावर वीज साठते आणि हाताच्या टोकातून बोर्डात जाते. सुती घालावं, आणि हात लावायच्या आधी डब्याच्या लोखंडाला स्पर्श करावा. कापसाच्या जिल्ह्यात कापूस एकदाचा आमच्या बाजूने आला.

प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दाबायचं नाही, नुसता ठेवायचा. मग दांडी खाली ओढायची. ती ओढताना करकर आवाज होतो आणि बराच जोर लागतो, तेव्हा काळजात धस्स होतं. तो आवाज व्हायचाच असतो, हे आधी कोणी सांगितलेलं असलं की हात थांबत नाही. पुरुषांना ते कोणीतरी सांगितलेलं असतं. काका, मामा, चौकातला मित्र. आम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. एवढाच फरक.

मग पेस्ट. मधोमध, तुरीच्या दाण्याएवढा एक ठिपका. बोटाने पसरायची नाही. बोटाचं तेल लागतं आणि बुडबुडे राहतात. कूलर सरळ खाली ठेवला की त्याच्या दाबानेच ती पसरते. नवा कूलर असेल तर पुष्कळदा तळाला पेस्ट लावूनच येते, मग वेगळी घालायची नाही. तळावर प्लॅस्टिकची पापुद्रा असेल तर ती आधी सोलायची. आमच्या कूलरला चार पाय होते. ते एका रांगेत नाही दाबायचे. समोरासमोरचे, आधी एका कोपऱ्यातला, मग त्याच्या तिरप्या समोरचा, म्हणजे दाब सारखा बसतो. प्रत्येक पाय टक्कन आवाज करून बसतो. शेवटी पंख्याची वायर बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलंय तिथे लावायची.

सगळं लावून सुरू केला. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. साठ, सत्तर, पंच्याऐंशी, अठ्ठ्याण्णव. बंद केला. तिघींचे चेहरे पडले. एकीच्या तोंडून निघालं, "म्हणूनच म्हणत होते..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. बोर्ड उलटा करून पाहिलं. चारपैकी एक पाय आरपार गेलाच नव्हता, नुसता टेकला होता. कूलर काढला, पेस्ट पुसली, पुन्हा नवा ठिपका घातला, कारण एकदा उचलला की मध्ये हवा शिरते. चारही पाय टक्, टक्, टक्, टक्. या वेळी काटा पन्नासच्या आसपास स्थिरावला. खोलीतली हवाच चाळीस अंशांची होती. खोलीपेक्षा थंड करणं कोणत्याही पंख्याला जमत नाही.

काही जळलं नाही. आजचे प्रोसेसर शंभरच्या आसपास तापले की स्वतःच मंद होतात, तरी भागलं नाही तर बंद पडतात. चूक पोटात घालायची सोय यंत्रातच आहे. ती आपल्या घरांमध्ये नाही. पुरुषाच्या हातून पाना निसटला तर तो अनुभव. बाईच्या हातून निसटला तर तो तिच्या जातीचा पुरावा. या एका हिशेबावर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या झाकणापासून दूर ठेवलं गेलंय. आपण अवजाराला घाबरत नाही, आपण चुकलो तर काय ऐकावं लागेल त्याला घाबरतो.

आता कोणी म्हणेल, बायका संगणकावर कुठे नाहीत? गावोगावच्या सेवा केंद्रांत, बँकांत, दवाखान्यांत बायकाच बसलेल्या आहेत. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग राज्यभर चालले आणि त्यांतून असंख्य मुली शिकून गेल्या. खरं आहे. पण त्या काय शिकल्या? टंकणं, तक्ते करणं, छापणं. ऑपरेटर झाल्या. झाकणाच्या बाहेरचं काम बाईचं, झाकणाच्या आतलं पुरुषाचं. शिवणयंत्र बाई चालवते, ऑइलिंगला माणूस येतो. पिठाच्या गिरणीत दळण ती टाकते, चाकीला टाकी तो लावतो. स्कूटर ती चालवते, प्लग तो साफ करतो. बाहेरच्या कामाचे पैसे कमी, आतल्या कामाचे जास्त, आणि आतलं काम करणाऱ्याच्या मर्जीवर बाहेरचीचा दिवस.

ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. अमेरिकेत एनियॅक नावाचा संगणक १९४६ साली जगापुढे आणला गेला. अठराएक हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात. त्यावर काम बसवणाऱ्या सहा बायका होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला त्यांना त्या यंत्राच्या खोलीत जायची परवानगी नव्हती. आराखड्यांच्या कागदांवरून त्या ते यंत्र शिकल्या, आणि इतक्या पक्क्या शिकल्या की बिघाड कुठल्या ट्यूबमध्ये आहे हेही शोधू लागल्या. उद्घाटन झालं, कौतुक झालं, मेजवानी झाली. मेजवानीला त्यांना बोलावलं नाही. मोठा सन्मान मिळायला १९९७ उजाडलं. म्हणजे सुरुवातीला बायका आत होत्या. बाहेर त्यांना नंतर काढलं गेलं.

आणि आपल्याकडे? मुंबईत अंधेरीला सीप्झ १९७३ साली सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत केसाएवढ्या तारा जोडायला मुलीच घेतल्या, कारण त्यांची बोटं म्हणे नाजूक असतात. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ साली या नाजूक बोटांच्या गोष्टीचा बुरखा फाडला. ही बोटं जन्मतः नाजूक नसतात, घरच्या शिवण-टिपणाने घडलेली असतात, आणि ते शिक्षण म्हणून मोजलं जात नसल्यामुळेच स्वस्त मिळतात, हे त्यांनी दाखवलं. गंमत पाहा. कारखान्यात मालकासाठी हजार बोर्ड जोडताना बाईची बोटं योग्य असतात. घरी स्वतःसाठी एक जोडायला गेली की, "तुला नाही जमणार."

हे आपण वर्ध्यात बसून बोलतोय, म्हणून आणखी एक आठवण. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं हवं, झोपडीत चालायला हवं, बाईला आठ तास फारसं न थकता त्यावर काम करता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, ते वीस वर्षं टिकावं आणि दुरुस्तीचा खर्च बेताचा असावा. ते बक्षीस कोणाला मिळालं नाही. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात इथेच, वर्ध्यात, शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण ही नयी तालीमची कल्पना देशापुढे आली. यंत्र गरिबाच्या आवाक्यात हवं, दुरुस्त होण्यासारखं हवं, हात आणि डोकं वेगळं नको, हे या मातीत एवढ्या वर्षांपूर्वी बोललं गेलं. मग कातणारे हात बाईचे, तर चरख्याची माळ आणि चाती दुरुस्त करणारे हात कोणाचे, हा प्रश्नही इथेच विचारायला हवा. सूत काततानाचा बाईचा फोटो आपण भिंतीवर लावला. तिच्या हातात पाना दिला नाही.

हे होऊ शकतं याचा दाखलाही आहे. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून गरीब, बहुतेक दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी जमिनीत शंभर-शंभर फूट गेलेला पाइप ओढून काढला. ज्या पंपावर त्यांना पाणी भरू दिलं जात नव्हतं, तोच बिघडला की गावाला त्यांच्याकडे यावं लागलं. इथे जातीचा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या समाजाने हाताचं काम हलकं ठरवलं आणि ते काही जातींच्या माथी मारलं. पुस्तकाचं काम वर, पेचकसाचं खाली. आपल्या संघटनांमध्येही अहवाल लिहिणारी ताई आणि खुर्च्या लावणारी बाई वेगळी असते. आमच्या केंद्रात ते झाकण पहिल्यांदा उघडलं ते एम. ए. झालेल्या मी नाही. स्टार्टर खोलणाऱ्या बाईने उघडलं.

बैठकीनंतर मला दोघी-तिघींनी वेगवेगळे आक्षेप ऐकवले. एक म्हणाली, सगळ्याच बायांनी मेकॅनिक व्हायचं का? नाही. सगळ्या वकीलही झालो नाही. पण कलमं शिकलो, कारण ठाणेदार 'असा कायदाच नाही' म्हणाला तर त्याला पान काढून दाखवता यावं. हेही तेवढंच. मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याला, "झाकण उघडा आणि माझ्यासमोर दाखवा," एवढं म्हणता आलं पाहिजे. दुसरी म्हणाली, चांगली पोरं आहेत की, फुकट करून देतात. आहेत. पण उपकारावर चालणारी संघटना उपकारकर्त्याच्या विरोधात कधी उभी राहत नाही. उद्या त्याच पोराच्या बहिणीचा अर्ज आपल्याकडे आला तर? तिसरी म्हणाली, आता सगळं मोबाइलवर आहे. मोबाइल डिंकाने चिकटवून बंद केलेला असतो, आणि बहुतेक घरांत त्याचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो. उलट तो मोबाइलच सांगतोय की पुढची यंत्रं झाकणच नसलेली येणार आहेत. झाकण आहे तोवर तरी उघडायला शिका.

एक चूक माझीही सांगते, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. नवा संगणक जोडल्यावर मला त्याची चटक लागली. पुढच्या उन्हाळ्यात पंखा साफ करायची वेळ आली तेव्हा मी एकटीने झाकण उघडलं, एकटीने पुसलं, एकटीने पेस्ट घातली. तीन मुली भोवती उभ्या होत्या. एक म्हणाली, "ताई, मी करू का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब, बिघडेल." मी थबकले. दुकानातला भाऊ माझ्याच तोंडातून बोलत होता. पेचकस तिच्या हातात दिला. तिने पेस्ट जरा जास्तच घातली, बाजूने बाहेर आली, पुसून पुन्हा घातली. दहा मिनिटं जास्त लागली. एवढीच किंमत असते.

तर शिबिरासाठी माझा प्रस्ताव पुन्हा मांडते, आणि या वेळी लेखी. प्रत्येक केंद्रात एक पेचकस संच, एक ब्रश, पेस्टची एक नळी. प्रत्येक केंद्रात निदान तिघी अशा, ज्यांनी एकदा तरी कूलर काढून पुन्हा बसवलाय, आणि त्या तिघींमध्ये एक तरी कमी शिकलेली. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याआधी एकदा झाकण उघडून रुई-धूळ काढायची. आणि एक नियम, सहीनिशी: बायकांच्या नोंदी असलेली डिस्क काढून कपाटात ठेवल्याशिवाय संगणक केंद्राच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला जाणार नाही. डिस्क काढायला दोन-तीन स्क्रू असतात. फार तर पाच मिनिटं.

ज्या बाईला आम्ही रातोरात हलवलं ती अजून परत आलेली नाही. मुलगा तिकडेच सातवीला आहे. तिचा फोन येतो. मागच्या वेळी तिने विचारलं, "ताई, माझा कागद अजून त्याच मशीनमध्ये हाय का?" मी म्हटलं, नाही, नव्या मशीनमध्ये आहे, ते आम्ही जोडलंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग खोलते कोन?"

तिने जो प्रश्न विचारला तोच मी बैठकीत विचारला होता. माझ्या सहकारीणीला मी त्याचं उत्तर मागते आहे. सहमत नसाल तर पुढच्या अंकात लिहा, भांडू. पण लिहायच्या आधी आपल्या केंद्रातल्या संगणकाच्या बाजूचे दोन स्क्रू काढा आणि आत काय साठलंय ते एकदा बघा.